साळूबाईचं लुगडं आणि नसीम मॅडम

नसीम मॅडमच्या गळ्यात स्टेथोस्कोप असो नसो, एप्रनच्या खिशात नेलकटर असायचंच. दवाखान्यात कुणीही नवीन आलं, शिकाऊ डॉक्टर असो, नर्स असो, की बदली होऊन आलेला भूलतज्ज्ञ, मॅडम आधी नाव विचारायच्या नाहीत. म्हणायच्या, "हात दाखवा." समोरच्यानं दोन्ही हात पुढं करायचे, शाळेत छडी खाताना करतात तसे. एखादं नख जरा पुढं आलेलं दिसलं की खिशातून नेलकटर निघायचं आणि मॅडम स्वतः, उभ्या उभ्या, त्या माणसाचं नख कापायच्या. शहरातून पदव्या घेऊन आलेली पोरं कानापर्यंत लाल व्हायची. नख कापून झालं की मग, "हां, आता नाव सांगा."

मी त्याच दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर. जालना जिल्ह्यातला तालुक्याचा दवाखाना. कोणता ते विचारू नका, मला अजून तिथंच नोकरी करायची आहे. वाटूरपासून तीर्थपुरीपर्यंतच्या बाया बाळंतपणाला आमच्याकडं येतात. सिझर असो की गर्भपिशवीचं ऑपरेशन, सगळं नसीम मॅडमच्या हातचं. बाई दिसायला चिमणीएवढी. डोक्यावरची ओढणी सरळ करायची सवय, आणि चहा गार झाल्याशिवाय प्यायची सवय. सवय कसली, गरम प्यायला वेळच मिळायचा नाही.

मॅडम जालन्याच्या. वडिलांचं जुन्या बाजारात लोखंडी सामानाचं दुकान, घरी उर्दू. पण मराठी आमच्यासारखंच बोलायच्या. त्यांचा राग भाषेवरून ओळखायचा असं आम्ही ठरवूनच टाकलं होतं. मराठीत बोलतायत म्हणजे सगळं ठीक. उर्दूत शिरल्या की समजायचं, आज कुणाची तरी खैर नाही. आणि गप्प झाल्या की जो तो भिंतीला चिकटून उभा राहायचा.

एकदा एक मोठे पुढारी सुनेचं सिझर झालं म्हणून बुटासकट थेट थिएटरच्या दारापर्यंत आले. मागं सगळी पलटण. मॅडम दारात उभ्या राहिल्या आणि फक्त म्हणाल्या, "बूट." पुढारी हसले, म्हणाले, "अहो मॅडम, नातू बघायचाय, दोन मिनटं." मॅडम हलल्या नाहीत. शेवटी बूट निघाले, मोजे निघाले, आणि तो धिप्पाड माणूस बेसिनसमोर उभा राहून कोपरापर्यंत हात धूत होता, मॅडम शेजारी उभ्या राहून, "अंगठा राहिला, अंगठा." नातू हातात देताना म्हणाल्या, "साबण आणि पाणी, बाकी सगळी कहाणी." त्यांचं हे नेहमीचं वाक्य. पुढं तो गडी सभांमधून हे वाक्य स्वतःचं म्हणून ठोकायचा, म्हणे टाळ्या पडायच्या!

दुसरी सवय सांगू? ऐकून शिसारी येईल. जखमेवरचं काढलेलं ड्रेसिंग मॅडम नाकाशी न्यायच्या. आम्ही तोंड फिरवायचो. त्या शांतपणे वास घ्यायच्या आणि सांगायच्या, ही भरते आहे, हिला उद्या त्रास होणार. रिपोर्ट नंतर यायचा. नाकावर विसंबून औषध द्यायच्या असं नाही, पण नाकानं सांगितलं की त्या बाईभोवतीच्या फेऱ्या वाढायच्या.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे पट्टा. मॅडमचं आणि पट्ट्याचं हाडवैर.

आपल्याकडं बाळंतिणीचं पोट बांधतात. धुऊन धुऊन मऊ पडलेलं सुती लुगडं फाडायचं, त्याचा रुंद पट्टा करायचा आणि कमरेभोवती करकचून गुंडाळायचा. पोट सुटत नाही म्हणतात, वारं शिरत नाही म्हणतात. माझंही माझ्या आईनं बांधलं होतं. सिझरच्या बाईला तर त्याचा फार आधार वाटतो. खोकताना, कूस बदलताना टाके ओढत नाहीत. पण मॅडमना पट्टा दिसला की त्यांचं डोकंच फिरायचं. नवीन नोकरीत असताना भोकरदनकडं त्यांनी एका बाईचा पट्टा सोडला, तर आत टाक्यांवर चुलीतली राख आणि हळद थापलेली. खाली सगळा पू. ती बाई वाचली नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, गार चहाचा ग्लास हातात धरून, आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

तेव्हापासून राउंडला कुणाच्या पोटावर पट्टा दिसला की, "ये चिंधी निकालो पहले!" आणि पट्टा सरळ लाल पिशवीत, कचऱ्यात. सासवा पुटपुटायच्या, बाळंतिणी रडायच्या. पण हळूहळू वॉर्डातून पट्टे दिसेनासे झाले. मॅडम खूश. आम्हीही खूश. बायका सुधारल्या, असं आम्हाला वाटलं.

त्या उन्हाळ्यात सिझरची एक बाई टाके काढायला आली तर टाक्यांतून पाणी झिरपत होतं. होतं असं एखादीचं, आम्ही फार मनावर घेतलं नाही. मग दुसरी. मग पिशवीचं ऑपरेशन झालेली एक, तिचे तर टाकेच उसवले. मॅडम आधी उर्दूत गेल्या आणि मग गप्प झाल्या.

जखमा बिघडायला लागल्या की पहिलं बोट थिएटरकडं जातं. थिएटरकडं म्हणजे माझ्याकडं. आता माझ्या थिएटरबद्दल मी काय सांगू? माझ्या देवघरात एखाद वेळी धूळ सापडेल, तिथं सापडायची नाही. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे हत्यारं निर्जंतुक करायच्या मशीनच्या, वाफेतून निघालेल्या प्रत्येक डब्यावरची टेप मी स्वतः तपासते, रेघा नीट काळ्या झाल्या नसतील तर डबा परत आत. आणि एके सकाळी मॅडम जंतू तपासायच्या, कापूस लावलेल्या काड्या घेऊन आल्या. ट्रेवर फिरवली, नळाला फिरवली, टेबलाच्या कडेला फिरवली, आणि मग म्हणाल्या, "सुलोचना, हात."

मी बघतच राहिले. इतकी वर्षं यांच्या समोर उभी राहून हत्यारं दिली, आणि आज माझ्या हातांची तपासणी! मी म्हणाले, "घ्या की. माझे घ्या, आणि तुमचेबी घ्या."

"माझे आधीच दिले," मॅडम म्हणाल्या. "सबसे पहले मेरे."

तरी माझा पारा उतरला नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायला लागले. कात्री, हो. धागा, हो. बस.

मॅडमनी ठरवलेली सगळी ऑपरेशनं बंद केली. अडलेली बाळंतीण तेवढी घ्यायची. बाहेर बोंबाबोंब झाली. लोक म्हणाले, सरकारी डॉक्टरला काम नको असतं. वरून फोन आला, ऑपरेशनं का थांबवली म्हणून. मॅडम फोनवर म्हणाल्या, "एखादी गेली तर वरून कोण येणार आहे टाके घालायला?" आणि ठेवून दिला.

अशात आशा आली. तीर्थपुरीकडची, पहिलटकरीण. पोटातल्या बाळाचे ठोके उतरायला लागले म्हणून तिला थांबवताच येईना. सिझर केलं, मुलगी झाली, खणखणीत रडली. तिच्यासोबत तिची सासू, साळूबाई. ही आम्हाला नवी नव्हती. उन्हाळ्याच्या तोंडालाच स्वतःच्या लेकीचं सिझर करून घेऊन गेली होती आमच्याकडून. उंच, काटक बाई, कपाळभर कुंकू, आवाज असा की गेटवरच्या रिक्षावाल्याला खिडकीतून हाक मारावी. वॉर्डात आली की सगळ्यांची आत्या व्हायची. कुणाला भाकरी दे, कुणाचं लेकरू न्हाऊ घाल, कुणाच्या रडक्या पोरीला दटाव. आणि तिचा एक मोठा मान होता. तिची सगळीच्या सगळी लेकरं जगलेली. "यकबी मातीत गेलं न्हाई माझं," असं ती सांगायची आणि ऐकणाऱ्या बाया तिच्या पदराला हात लावून कपाळाला लावायच्या.

नात झाली म्हणून तिनं तोंड वाकडं केलं नाही हे मला फार आवडलं. "लक्ष्मी आली वं," म्हणत पेढे वाटले. मला दोन दिले. मॅडमना द्यायला गेली तर मॅडम म्हणाल्या, "आधी टाके सुकू द्या."

टाके सुकले नाहीत. आशाला ताप आला. टाक्यांच्या कडा लाल, फुगलेल्या, हात लावू देईना. मॅडमनी ड्रेसिंग नाकाशी नेलं आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. तिथंच टाके सोडले. आतून पू आला. आशा ओरडली नाही, उशीचा कोपरा दातात धरला तिनं. मॅडम जखम धूत होत्या आणि साळूबाई पायथ्याशी तान्हीला घेऊन उभी. त्या खणखणीत बाईचा आवाज पार बारीक झालेला.

"मॅडम, लेकरू तान्हं हाये वं. माय गेली तर कोन पाजंल ह्येला?"

"जाणार न्हाई," मॅडम म्हणाल्या. "मी जाऊ देणार न्हाई."

मॅडम कधीच कुणाला शब्द द्यायच्या नाहीत. "प्रयत्न करू," एवढंच म्हणायच्या. आणि इथं तापानं भाजत असलेल्या, पोट उघडं पडलेल्या बाईबद्दल त्यांनी शब्द देऊन टाकला. मला भीती वाटली. आशाची वाटली, आणि खरं सांगते, मॅडमची जास्त वाटली.

रिपोर्ट आले. ट्रे स्वच्छ. नळ स्वच्छ. माझे हात स्वच्छ, मॅडमचे स्वच्छ. माझा जीव भांड्यात पडला. कागद त्यांच्या टेबलावर जरा आपटूनच ठेवला मी. पण मॅडमचा चेहरा आणखी उतरला. म्हणाल्या, "थिएटरमधी सापडलं असतं तर बंद करता आलं असतं, सुलोचना. आता कुठं शोधू?" आणि आशाचा ताप हटत नव्हता. औषध बदललं तरी संध्याकाळी चढायचाच. मॅडमनी मोठ्या दवाखान्यात न्यायला ॲम्ब्युलन्स सांगून ठेवली होती. साळूबाईनं साफ नकार दिला. "तुमी शब्द दिलाय. आमी कुठंच जानार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रेसिंगला वॉर्डची सिस्टर रजेवर, म्हणून मी गेले. मॅडमनी चादर बाजूला केली आणि थांबल्या. मी वाकून बघितलं. ड्रेसिंगच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या कातड्यावर, कापडाच्या विणीचा ठसा उमटलेला. लाल, ताजा. थोड्या वेळापूर्वीपर्यंत तिथं काहीतरी घट्ट बांधलेलं होतं.

"पट्टा?" मॅडम म्हणाल्या.

मॅडमचे ओठ हलले, आता उर्दू येणार म्हणून मी मान खाली घातली. पण आशानं आधीच दोन्ही हात पोटावर घेतले होते, मार चुकवायला घेतात तसे. मॅडमनी ते पाहिलं.

आणि मग त्यांनी जे केलं ते मी त्या दवाखान्यात कधी पाहिलं नव्हतं. पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही हा त्यांचाच नियम. त्या आशाच्या खाटेवर बसल्या. "आशा, खरं सांग बेटा. मी रागावणार न्हाई. बांधतेस का पोट?"

आशानं सासूकडं बघितलं. मग म्हणाली, "बांधते मॅडम. लई आधार वाटतो. तुमची चाहूल लागली की सोडतो."

"सोडून ठेवता कुठं?"

"गादीखाली."

"सगळ्याच?"

एकेक मान खाली गेली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. सुधारल्या म्हणे बायका!

"मंग तुझा पट्टा आता कुठाय?"

आशानं खिडकीजवळच्या खाटेकडं बोट दाखवलं. "आत्ताच तिनं मागून नेला." तिथं वाटूरची एक पोर होती, आदल्या दिवशीच सिझर झालेली. मी धावत गेले. गादीखाली नव्हता. तिच्या पोटावरच होता, गाउनच्या आत, घाईत सोडायचा राहिलेला. सोडून हातात घेतला तर दमट. हिरव्या लुगड्याचा विरलेला पट्टा, घामानं चिकट झालेला, आणि मधोमध वाळलेले पिवळे डाग, एकावर एक. त्या पोरीच्या जखमेवरचं पांढरं ड्रेसिंग अजून कोरं होतं. देवा, वेळेवर आलो, एवढंच माझ्या मनात आलं.

मग साळूबाई बोलली. काही लपवलं नाही तिनं. "माझं लुगडं हाये ते मॅडम. लेकीला फाडून आणल्तं. ती चांगली झाली, चालत घरी गेली. तवा शेजारची बाई म्हनली, आत्या, तुमची समदी लेकरं जगली, ह्यो पट्टा मला द्या. दिला. तिनं पुढच्या बाईला दिला. आता आशा आली तवा म्या म्हनलं, आपला पट्टा हितंच फिरून राह्यलाय, आपल्या सुनंला बी बांधावा."

"मधी कुणी धुतला का?" मॅडमनी विचारलं. आवाज अगदी खाली.

"कुठं धुवावा मॅडम? धुतला तर वाळू घालावा लागतो. दोरी तर तुमच्या खिडकीसमोरच हाये. तुमाला दिसला आसता की."

ओढणी सरळ करायला मॅडमचा हात वर गेला आणि मध्येच थांबला. मला त्यांच्याकडं बघवेना. पट्टा दिसू नये एवढी दहशत घालून ठेवली होती त्यांनी. आणि बायांनी तो दिसू दिला नव्हता.

इतक्यात मागून एक माणूस ओरडत पुढं आला. पिशवीच्या ऑपरेशनचे टाके उसवलेल्या त्या बाईचा नवरा. "म्हातारे, तू सडवलं आमच्या बायकांला! तुझ्या लुगड्यानं!" साळूबाई भिंतीला टेकली. एवढी खणखणीत आवाजाची बाई, पदर तोंडात धरून उभी. आणखी दोघं तिघं पुढं सरकले. त्या नवऱ्यानं तर हात उगारला.

मॅडम उठून मध्ये उभ्या राहिल्या. त्या त्याच्या छातीपर्यंतसुद्धा येत नव्हत्या. मला वाटलं, आता उर्दूत सुटतील. नाही. सावकाश, स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "लुगडं यांचं आहे. ते लपवायला लावलं मी. उघडं असतं तर मीच पहिल्या दिवशी बघितलं असतं, धुऊन घेतलं असतं. यांनी चांगलं होईल म्हणून दिलं. काय बोलायचं ते मला बोला."

त्या माणसाचा हात खाली आला. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण राग सगळा गेला असं समजू नका, थोडा शिल्लक होताच.

मॅडमनी माझ्या हातातला पट्टा घेतला. लाल पिशवी पुढंच होती. साळूबाई त्या पिशवीकडं बघत होती. मॅडमनी पट्टा पिशवीत टाकला नाही. म्हणाल्या, "सुलोचना, हे आधी साबणात उकळायचं, मग ऑटोक्लेव्हला लावायचं."

"लुगडं? माझ्या मशीनमधी?"

"हां. तेरे मशीन में."

वाटूरच्या पोरीचं ड्रेसिंग बदललं, बाकीच्यांच्या गादीखालून पट्टे निघाले, ढीग झाला. पण आशाचं विष तर आधीच आत गेलं होतं. दुपारी तिचा रक्तदाब उतरायला लागला. ॲम्ब्युलन्स दारात उभी होती, पण मॅडम म्हणाल्या, रस्त्यात हातची जाईल, आधी कुजलेलं बाहेर काढू. लगेच थिएटर तयार केलं.

हात धुवायच्या नळापाशी आम्ही दोघीच. मॅडमनी कोपरापर्यंत हात धुतले आणि मग माझ्यापुढं धरले. "बघ."

"काय बघू?"

"हात. नीट बघ. नख राहिलं असंल तर सांग." नेलकटर त्यांनी आधीच काढून नळाच्या कट्ट्यावर ठेवलं होतं. ते माझ्याकडं सरकवलं. माफी मागायची त्यांची हीच पद्धत असणार, दुसरी त्यांना येत नव्हती. मी एकेक बोट बघितलं. एका करंगळीचं नख जराऽसं पुढं होतं. कापलं. "आता परत धुवा," मी म्हणाले, आणि त्यांनी निमूटपणे परत धुतले. माझा उरलेला राग त्या नळाबरोबर वाहून गेला.

आत तो वास. मी वर्षानुवर्षं थिएटरमध्ये आहे, तरी मास्क आणखी घट्ट केला. मेलेलं मांस करडं दिसतं. मॅडम ते थोडं थोडं कापत गेल्या, धूत गेल्या, पुन्हा कापत गेल्या. भूलतज्ज्ञ रक्तदाब सांगत होता आणि प्रत्येक वेळी आकडा खाली. कुठवर गेलंय ते कळेना. गर्भपिशवीपर्यंत गेलं असेल तर ती काढावी लागणार, आणि एवढ्या खचलेल्या अंगाला ते सोसेल का? मॅडम ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होत्या, दुआ असेल. मीही आतल्या आत रेणुकाईला हाक मारली. मग मांसातून लाल रक्त आलं. ताजं, लाल. मॅडमचे खांदे खाली आले. "पिशवी चांगली आहे," म्हणाल्या. "सुलोचना, पाणी दे. गरम."

पुढचे दिवस सगळे तापमापीकडं बघत काढले. साळूबाई वॉर्डात पाऊल टाकेना. दाराबाहेर जिन्यावर बसून राहायची. तान्हीला वॉर्डातल्या बाया आळीपाळीनं पाजायच्या, आणि तिलासुद्धा ती हात लावत नव्हती. "माझा हात वाईट हाये," म्हणायची. मग एका सकाळी आशाचा ताप उतरला आणि परत चढला नाही. तिनं पोरीला मागितलं.

मॅडम जिन्यावर गेल्या. साळूबाईला दंडाला धरून बेसिनपाशी आणली. शेजारी उभ्या राहून, "अंगठा राहिला, अंगठा." मग माझ्याकडून तो लुगड्याचा पट्टा घेतला, वाफेतून निघालेला, कोरा करकरीत कागदात गुंडाळलेला. आशाच्या जखमेवर नवीन ड्रेसिंग होतं. मॅडम म्हणाल्या, "बांधा. तुमच्या हातानं."

साळूबाईनं बांधला. रडत रडत बांधला. मॅडमनी दोन बोटं आत घालून बघितलं, फार घट्ट नाही ना. जखम मांस धरत भरत आली, मग परत टाके घातले, आणि आशा पोरीला कडेवर घेऊन चालत गेली घरी.

ती दोरी मॅडमनी त्यांच्या खिडकीसमोरून हलवू दिली नाही. तिच्यावर रोज पट्टे वाळत असतात, हिरवे, निळे, फुलाफुलांचे. राउंडला मॅडम विचारायच्या, "पट्टा कुठाय? वाळत? बराबर." नवीन आलेल्या डॉक्टरांना हे काय चाललंय ते कळायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात मॅडमचंच पिशवीचं ऑपरेशन झालं, जालन्यात एका खाजगी दवाखान्यात. साळूबाईला कुठून कळलं कोण जाणे, तिनं आशाच्या नवऱ्याहाती माझ्याकडं एक पुडकं पाठवलं. स्वतःच्या नव्या लुगड्याचा पट्टा. नवं लुगडं फाडलं होतं त्या बाईनं! मी ते उकळलं, मशीनला लावलं, टेपच्या रेघा काळ्या झालेल्या बघितल्या आणि घेऊन गेले.

मॅडम खाटेवर आणखीनच लहान दिसत होत्या. खोकला आला की पोट धरायच्या. मी कागद उघडला तर आधी त्यांनी पट्टा नाकाशी नेला. मग म्हणाल्या, "हात?" मी धुऊन आले, दाखवले. मग बांधला. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "सुलोचना, सच्ची आधार वाटतो गं."

एवढ्यात बाहेर बुटांचा आवाज आला. राउंड. मॅडमनी डोळे उघडले, आणि काय सांगू तुम्हाला, माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी घाईघाईनं पट्टा सोडला आणि उशीखाली सारला. शाळेत कॉपी लपवतात तसा. माझ्याकडं बघितलं. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना.

दार उघडलं. तरुण सर्जन, मागं दोन नर्स. मॅडमचा हात उशीखालीच होता. क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी तो पट्टा ओढून बाहेर काढला आणि चादरीवर, सगळ्यांना दिसेल असा, पसरून ठेवला.

"मॅडम, हे काय? तुम्ही?" तो पोरगा म्हणाला.

"पट्टा आहे. मी बांधते. धुतलेला आहे का ते बघा आधी, मग ओरडा."

तो गडबडला. पट्ट्याकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं, आणि ड्रेसिंग उघडायला पुढं वाकला.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. उशीखालून दुसरा हात बाहेर आला, त्यात नेलकटर होतं. "हात दाखवा."